तळघरातील स्टोअर रूमची किंमत : कोल्हापुरात नव्याने फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात फ्लॅट पाहू लागलात की तळघरातील स्टोअर रूम सोबत मिळेल असे सांगून तिचे चौरस फूट फ्लॅटच्याच दराने लावणारा विक्रेता कधी ना कधी भेटतोच. बाहेरगावाहून येऊन मी येथे स्थिरावल्याला बराच काळ लोटला असून, अनेक आप्तांचे व्यवहार जवळून पाहिले आहेत. त्यावरून माझे मत असे की, या खोलीचा भाव आधी कागदांवरून आणि मग पाण्यावरून ठरवावा.

२०१६ च्या रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने सामाईक तळघर आणि सामाईक साठवणुकीच्या जागा सामाईक क्षेत्रातच मोजल्या आहेत, त्यामुळे त्या कार्पेट क्षेत्रात, म्हणजे फ्लॅटच्या भिंतींच्या आतील वापराच्या जागेत, मिसळून भाव सांगणे गैर आहे. इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल, तर घोषणापत्र, म्हणजे इमारतीतील फ्लॅट आणि सामाईक जागांची नोंद असलेला दस्त, मागून घ्यावे, कारण ती खोली आपल्या फ्लॅटसाठी मर्यादित सामाईक क्षेत्र (ठरावीक फ्लॅटधारकांनाच वापरता येणारी सामाईक जागा) म्हणून राखलेली आहे किंवा नाही, हे त्यावरून समजते. मंजूर नकाशात पार्किंग दाखवून नंतर तेथे विटांच्या खोल्या पाडल्या असतील, तर दार कितीही भक्कम असले तरी किंमत शून्य धरावी.

आता पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने दोन्ही ओलांडल्या आणि शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्क अशा भागांत पाणी शिरले. म्हणून पुराचे पाणी कोठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या नकाशात इमारत कोठे येते ते तपासावे, त्या दोन वर्षी तळघरात काय झाले हे विक्रेत्याला नव्हे तर शेजाऱ्यांना विचारावे, आणि शक्य असल्यास खोली ऐन पावसाळ्यात पाहावी. नदीपासून दूरच्या इमारतीतही भिंतींतून ओल झिरपते. वर्षाचे धान्य आणि चटणीचे डबे तेथे ठेवण्याचा बेत असेल, तर तो सोडावा. सायकली आणि गौरी-गणपतीच्या सजावटीचे सामान मात्र कोरड्या खोलीत नीट राहते.

कागद आणि पाणी या दोन्ही कसोट्यांना खोली उतरली, तरच आकडेमोड करावी. समजा, तेवढीच कोरडी जागा अन्यत्र दरमहा ८०० रुपयांना मिळते. वर्षाचे ९,६०० रुपये होतात, त्यातून देखभालीचे १,६०० वजा केले की ८,००० उरतात, आणि गुंतवणुकीवर वर्षाला ८ टक्के परतावा धरला, तर खोलीची किंमत १ लाख रुपये येते. हीच ४० चौरस फुटांची खोली फ्लॅटच्या चौरस फुटाला ५,००० रुपये दराने लावली असती, तर २ लाख मोजावे लागले असते.

विकणाऱ्याने खोलीची किंमत वेगळी सांगितलेली बरी, कारण फ्लॅटच्या दरात लपवलेली रक्कम चाणाक्ष ग्राहक प्रथम तीच कापतो. साठेखतात, म्हणजे विक्रीपूर्वीच्या करारात, खोलीचा क्रमांक, मोजमाप, वापराच्या हक्काचे स्वरूप आणि ताबा देण्याची तारीख नमूद करून घ्यावी. फ्लॅटची किल्ली हाती येते आणि तळघराचे कुलूप जुन्या मालकाकडेच राहते, असे प्रकार येथे घडतात.