कॉलेजच्या आवारातली फुलं मोबाईलवर कशी टिपायची

बेळगावात राहून फुलांचे फोटो काढायला दरवेळी आंबोली नाहीतर चोर्ल्यालाच जायला पाहिजे असं काही नाही बघा, कॉलेजच्या आवारातच वर्षभर काही ना काही फुललेलं असतंय, फक्त आपण पार्किंगपासून क्लासपर्यंत मान खाली घालून जातो. माझ्याकडे कॅमेरा नाही, साधा मोबाईल आहे, आणि त्यावर जे जमलं तेवढंच सांगतोय.

पहिलं म्हणजे सगळं आवार पालथं घालू नका, एकच झाड धरा. रोजच्या वाटेवरचं. बहावा असला तर फारच चांगलं. मार्चमध्ये त्याला नुसत्या काळपट लांब शेंगा लोंबत असतात, मग एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस सुटतात, पण घोस पूर्ण फुलायची वाट बघू नका, कारण तो देठाकडून फुलत खाली येतो, म्हणजे वर उमललेली फुलं आणि टोकाला हिरवट गोल कळ्या अशी दोन-चार दिवसांची अवस्था असते, तीच सगळ्यात देखणी. मे महिन्यात सुट्टी असते, तरी आयडी कार्ड दाखवून वॉचमनकाकांना विचारलं की सोडतात.

गुलमोहरावर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यांचे फोटो तिथंच बिघडतात. खाली उभं राहून वर मोबाईल धरला की मागं पांढरं आभाळ येतं आणि झाड काळं पडतं. त्यापेक्षा पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात जा की, फुलं डोळ्यासमोर येतात. मग फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा. मोबाईल मागची गडद पानं बघून उजेड वाढवतो आणि लाल रंग फाटतो, पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या सगळं जाऊन नुसता लाल डाग उरतो. अंधारलेला फोटो नंतर उजळता येतो, पण फाटलेला रंग परत येत नाही. आणि एकदा फूल नीट जवळून बघा, पाच पाकळ्यांतली एक वेगळी असते, पांढरट-पिवळी, तिच्यावर लाल ठिपके. मला ती दिसायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून मी फोकस त्या पाकळीवरच ठेवतो.

पावसाळ्यात लोक मोबाईल खिशात ठेवतात, हे मला पटत नाही. ढगाळ उजेडात सावल्या कडक पडत नाहीत, रंग खरे येतात. कंपाउंडच्या कडेला गौरी-गणपतीच्या सुमाराला तेरडा येतो, त्यासाठी गुडघे टेकून त्याच्या उंचीला या, मग पँटला तांबडी माती लागली तरी चालेल. जुलैतला वारा फार, फूल हलतच राहतं, तेव्हा बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ एक सलग, दहा-पंधरा फोटो काढा आणि एक ठेवा. लेन्स दर पाच मिनिटांनी सुती रुमालानं पुसा.

फांदी वाकवू नका, फूल तोडून दुसरीकडं मांडू नका. ते फूल जिथं आहे तिथंच बघायचंय आपल्याला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुचाचं झाड असेल तर मात्र साडेसहालाच पोचा. ही फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, लांब नाजूक देठासारखी नळी, टोकाला पांढऱ्या पाकळ्या, सगळ्या रस्त्यावर सडा आणि वास. मोबाईल जवळजवळ जमिनीला टेकवून धुक्यातल्या कोवळ्या उजेडाकडं तोंड करून काढा, पाकळीतून उजेड आरपार येतो. पण सातला झाडायला मावशी येतात, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आमच्या मावशी आता झाडाशी येऊन थांबतात आणि विचारतात, "झालं काय रे तुझं, झाडू काय आता?"