व्हेपचं लिक्विड: ठेवायचं कुठे आणि टिकतं किती

ब्रिटनमध्ये व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) लिक्विडवर 1 ऑक्टोबर 2026 पासून दर 10 मिलीला 2 पौंड 20 पेन्स कर ठरला आहे. निकोटिन नसलेल्या लिक्विडलाही तो आहेच, म्हणजे 50 मिलीच्या शॉर्टफिलवर (निकोटिन नसलेली, ते नंतर घालायला वर जागा सोडलेली बाटली) 11 पौंड नुसता कर. त्यामुळे आधीच डझनभर बाटल्या भरून ठेवाव्यात का, हा हिशोब तिकडे राहणारे करणारच. करा, पण वर्षभरात संपेल तेवढाच साठा करा. त्यापुढे वाचवलेले पैसे फ्लेवरबरोबर उडून जातात.

बाटलीत मुळात चार गोष्टी असतात: पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन. पहिल्या दोन सहसा नासत नाहीत, फक्त झाकण सैल राहिलं तर हवेतलं पाणी ओढतात. बिघडतात त्या उरलेल्या दोन. चिरून ठेवलेलं वांगं जसं काळं पडतं तसंच निकोटिनचं होतं: हवा लागली की आधी पिवळसर, मग कोऱ्या चहासारखं, शेवटी काकवीच्या रंगावर. ऊन आणि उष्णता हेच काम झपाट्याने करतात. फ्लेवरमध्ये लिंबू-संत्र्याचे प्रकार सर्वांत आधी फिके पडतात. व्हॅनिला आणि कस्टर्डचे मात्र निकोटिन नसतानाही काळवंडतात, तो व्हॅनिलिनचा गुण आहे. म्हणून नुसता रंग बघून बाटली फेकू नका.

सीलबंद बाटलीवरची तारीख साधारण एक ते दोन वर्षांची असते. सील तोडल्यावर तीन महिन्यांत संपवलं तर चव जशीच्या तशी मिळते, सहा महिन्यांपर्यंत चालून जातं. सील तोडलं त्या दिवशीच मार्करने बाटलीच्या बुडाशी तारीख लिहा, नंतर कुणाला आठवत नाही. शॉर्टफिलच्या बाबतीत तारीख धरायची ती निक शॉट, म्हणजे निकोटिनची छोटी बाटली, घातला त्या दिवसाची. 50 मिली लिक्विडात मिलीला 18 मिलीग्रॅमचा 10 मिली शॉट घातला की 60 मिलीमध्ये 180 मिलीग्रॅम निकोटिन होतं, म्हणजे मिलीला 3. साठा करायचाच असेल तर शॉर्टफिल आणि शॉट वेगळे, सीलबंद ठेवा. वापरायला काढाल तेव्हाच मिसळा.

जागा अंधारी, कोरडी आणि 15 ते 20 अंशांच्या आसपास हवी. इंग्लंडच्या घरात सगळे हमखास फसतात ते एका ठिकाणी: गरम पाण्याच्या टाकीजवळचं, टॉवेल ठेवायचं कपाट. अंधार आहे, कोरडं आहे, पण दिवसभर ऊबदार. तिथे ठेवलेली बाटली खिडकीतल्या बाटलीइतकी नाही, तरी लवकर म्हातारी होते. गाडीचा डॅशबोर्ड तर उन्हाळ्यात नकोच. बेडरूममधल्या कपाटाचा वरचा, कुलूप लागणारा कप्पा सर्वांत बरा.

फ्रिजची गरज नाही. ठेवलंच तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर ओल आत जाते. थंडीत 70 टक्के व्हीजीचं लिक्विड पाकासारखं घट्ट होतं. बंद बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा आणि नीट हलवा. मायक्रोवेव्ह नको.

खरी शत्रू बाटलीतली रिकामी जागा. 60 मिलीच्या बाटलीत 20 मिली उरलं की वर 40 मिली हवा बसलेली असते, आणि दर वेळी झाकण उघडलं की ती ताजी होते. उरलेलं लिक्विड गडद काचेच्या, मुलांना न उघडणाऱ्या झाकणाच्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. चिठ्ठीवर नाव, निकोटिनचं प्रमाण आणि तारीख लिहा. औषधाची किंवा इसेन्सची जुनी बाटली यासाठी कधीही वापरू नका.

टँक, म्हणजे व्हेपमधली लिक्विड भरायची टाकी, ही साठवणीची जागा नव्हे. आठवडाभर वापर नसेल तर रिकामा करून धुवा, नाहीतर आतला कापूस भिजत राहतो, लिक्विड हवेच्या भोकातून गळतं आणि पहिल्याच झुरक्याला जुनाट, कडवट चव लागते.

सांडलं तर हातमोजे घालून पुसा. अंगावर पडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा, निकोटिन कातडीतून आत जातं. आंबा, केशर-पिस्ता अशा वासाची ही छोटी बाटली मसाल्याच्या फळीवर केवड्याच्या अर्काशेजारी गेली तर ओळखू येत नाही, आणि लहान मुलाला किंवा कुत्र्या-मांजराला ती थोडीशीही जिवावर बेतू शकते. मुलाने गिळलं तर उलटी करवू नका, बाटली हाताशी ठेवून 999 ला (ब्रिटनचा आपत्कालीन नंबर) फोन करा.

वास उग्र किंवा आंबूस आला, हलवूनही थर तसेच राहिले, तळाशी गाळ दिसला किंवा तारीख उलटली, तर बाटली बाद. सिंकमध्ये ओतू नका. झाकण लावून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्या आणि त्यात निकोटिन आहे हे तिथल्या माणसाला सांगा.

मुंबईच्या विमानात बसताना मात्र हा सगळा साठा लंडनलाच राहू द्या. भारतात 2019 च्या कायद्याने व्हेपची आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी आहे. पहिल्यांदा आयात केली तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या साठवणीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.