सॅमनच्या आकड्यांशी समुद्राच्या हवामानाची सांगड कशी घालावी

पावसाच्या अंदाजांमुळे एल निनो हे नाव आता समुद्रकिनारा नसलेल्या खानदेशातही सर्वांच्या तोंडी असते. मात्र जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील ज्या विद्यार्थ्यांना उत्तर पॅसिफिकमधील सॅमन माशावर प्रकल्प करायचा आहे, त्यांनी आधी ‘पॅसिफिक दशकीय दोलन’, म्हणजे उत्तर पॅसिफिकच्या पृष्ठभागाच्या तापमानातील दीर्घकालीन चढउतार, समजून घ्यावे. एल निनो साधारण वर्षभरात ओसरतो. या दोलनाची एकेक अवस्था वीस-तीस वर्षे टिकू शकते. त्याचा मासिक निर्देशांक एक्सेलमध्ये घेऊन वार्षिक सरासरी काढावी आणि १९२५, १९४७ व १९७७ या वर्षांवर उभ्या रेषा ओढाव्यात, कारण अवस्था त्या सुमारास पालटली. निर्देशांक धन असताना उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगतचे पाणी नेहमीपेक्षा उबदार असते.

अलास्का आणि वॉशिंग्टन-ओरेगन यांचे आकडे स्वतंत्र स्तंभांत ठेवावेत. १९७७ नंतर अलास्कात सॅमन भरपूर मिळू लागला आणि दक्षिणेकडे तो रोडावला. दोन्हींची बेरीज केली, तर हा फरकच पुसला जातो.

खरी गफलत होते ती वर्ष जुळवताना. रावेरला आज कापलेल्या केळीच्या घडाचा हिशेब आपण आजच्या हवेशी लावत नाही, लागवडीपासून लावतो. सॅमनचेही तसेच आहे. कोहो सॅमनचे पिल्लू वसंतात नदीतून समुद्रात उतरते, तेथे सुमारे अठरा महिने काढते आणि पुढच्या वर्षीच्या शरदात परतते. म्हणून २०१६ च्या शरदात परतलेल्या कोहोसमोर २०१५ च्या वसंतातील समुद्राची नोंद लिहावी. सॉकाय ही सॅमनची दुसरी जात बहुधा दोन-तीन वर्षे समुद्रात राहते, तेव्हा तिचा स्तंभ आणखी मागे सरकवावा लागतो.

प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, स्तंभात ते किती होते यापेक्षा कोणते होते, हे महत्त्वाचे. ओरेगनमधील न्यूपोर्टसमोरच्या समुद्रात १९९६ पासून कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्लवकांचे नमुने नियमित घेतले जातात. थंड पाण्यासोबत उत्तरेकडून येणाऱ्या जाती हिवाळ्यासाठी अंगात चरबी साठवतात. उबदार पाण्यासोबत दक्षिणेकडून येणाऱ्या जाती बहुधा आकाराने लहान आणि चरबीने कमी असतात. ही चरबी क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) व लहान माशांमार्फत सॅमनच्या पिल्लांपर्यंत पोहोचते आणि समुद्रातील पहिल्या काही महिन्यांत तीच त्यांना तारते. २०१४ ते २०१६ च्या सागरी उष्णतेच्या लाटेत याच किनाऱ्यावर दक्षिणेकडील जातींचे प्राबल्य होते. एवढी एक नोंद नीट भरली, तरी आलेख बोलका होतो.

कोलंबिया नदीवरील धरणे आणि पिल्ले सोडणारी मत्स्यबीज केंद्रे यांचा परिणाम वेगळा नोंदवावा. तो समुद्राच्या माथी मारू नये. शिवाय अलास्काच्या आखातात दोलन आणि सॅमन यांचे नाते १९८९ च्या सुमारास सैल झाल्याचे आढळले आहे. त्यामुळे संपूर्ण काळासाठी एकच सहसंबंध गुणांक न काढता त्या वर्षापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन काढावेत.