दख्खनच्या काट्यांसाठी ट्यूबलेस चाक: रिम, टायर आणि सीलंट कसे निवडावेत

पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, साताऱ्याच्या पठारांवर किंवा सोलापूरच्या माळरानावर माउंटन बाइक चालवणाऱ्याला सर्वाधिक त्रास होतो तो बाभळीच्या, बोरीच्या आणि सराट्याच्या काट्यांचा. ट्यूबलेस चाकात काट्याने पाडलेले छिद्र आतला द्रव, म्हणजे सीलंट, चालता चालता बुजवतो; शिवाय दगडावर चाक आपटल्यावर रिम आणि दगड यांच्यात चिमटून फाटायला ट्यूबच नसते, त्यामुळे हवा कमी ठेवून पकड वाढवता येते. मात्र हे साधण्यासाठी रिम, टायर आणि सीलंट एकमेकांना साजेसे असावे लागतात, आणि निवडीची सुरुवात रिमपासून करणे श्रेयस्कर आहे.

आपल्या सायकलची रिम ट्यूबलेससाठी बनवलेली आहे का, हे आधी पाहावे. तसे बहुधा रिमवरच्या स्टिकरवर किंवा उत्पादकाच्या माहितीत लिहिलेले असते. अशा रिमच्या आत दोन्ही कडांलगत टायरची कड घट्ट बसेल असा सपाट कट्टा असतो आणि मधोमध एक खोलगट खाच असते. स्वस्त सायकलींच्या साध्या रिमला हा कट्टा नसतो. तिच्यावर आतून चिकटवलेली टेप आणि सीलंट यांच्या आधारे टायर फुगतो खरा, पण कमी हवेत वळणावर जोर आला की त्याची कड सुटू शकते. उतारावर समोरचा टायर सुटणे म्हणजे थेट पडणे होय, त्यामुळे अशा रिमवर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मापांपैकी आतली रुंदी सर्वांत महत्त्वाची. २५ मिलिमीटर रुंदीच्या रिमवर २.२ ते २.४ इंचांचा टायर आणि ३० मिलिमीटरच्या रिमवर २.४ ते २.६ इंचांचा टायर नीट आकार धरतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसवल्यास तो वळणावर डोलतो. व्यासाबाबत इंचांवर विसंबू नये, टायरवर छापलेला मिलिमीटरमधला आकडा वाचावा: २९ इंची चाकासाठी ६२२ आणि २७.५ इंची चाकासाठी ५८४. रिममधले व्हॉल्वचे छिद्रही तपासावे, कारण बारीक प्रेस्टा व्हॉल्वला सुमारे ६.५ मिलिमीटरचे छिद्र लागते, तर मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्वला सुमारे ८.५ मिलिमीटरचे.

टायर निवडताना बहुतेक जण नक्षी पाहतात, पण आपल्याकडे आधी पाहायला हवे ते टायरच्या धाग्यांच्या थराकडे, म्हणजे केसिंगकडे. १९९९ मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशलँ या कंपन्यांनी आणलेल्या यूएसटी या ट्यूबलेस पद्धतीत टायरच्या आत हवा न सोडणारा रबराचा जाड थर असे आणि टायर त्यामुळे जड होई. आजचे ‘ट्यूबलेस रेडी’ टायर त्या मानाने हलके असतात, पण त्यांची सूक्ष्म छिद्रे सीलंटनेच भरावी लागतात. याच हलकेपणाच्या हव्यासातून शर्यतीसाठी बनवलेले पातळ बाजूंचे टायर घेतले जातात आणि सह्याद्रीतील धारदार काळ्या दगडावर किंवा कोकणातल्या जांभ्यावर त्यांची बाजू चिरते. इतकी मोठी चीर कोणतेही सीलंट बुजवू शकत नाही. त्यामुळे टायरमागे शंभर-दोनशे ग्रॅम वजन वाढले तरी चालेल, पण निदान मागचा टायर बाजूंना संरक्षक थर असलेला घ्यावा. नक्षीबाबत इतकेच, की सुट्या मुरुमावर पुढच्या टायरला उंच, ठळक खुंट आणि मऊ रबर असावे, तर मागच्या टायरला कठीण रबर असावे, म्हणजे तो लवकर झिजत नाही.

सीलंटमध्ये सहसा रबराचा चीक, पाणी आणि बारीक कण किंवा तंतू असतात. हवेबरोबर हा द्रव छिद्रातून बाहेर येऊ लागतो, तेव्हा कण तिथे अडकतात, चीक साकळतो आणि बूच तयार होते. केरळात किंवा आपल्या दोडामार्गात रबराच्या झाडातून निघतो तोच हा चीक, आणि तो साकळू नये म्हणून त्यात अमोनिया घालण्याची रीतही तिथलीच आहे. मोटारसायकलच्या दुकानात मिळणारे दाट पंक्चररोधक द्रव वेगळ्या प्रकारचे असतात. सायकलच्या टायरच्या बाजूंवर त्यांचा पातळ लेप नीट बसत नाही, म्हणून ते टाळावेत.

२९ इंची, २.४ च्या टायरमध्ये १०० मिलिलिटरच्या आसपास सीलंट घालावे. काटेरी भागात १२० घातले तरी वाया जात नाही. बाटलीवर लिहिलेली दोन ते सहा महिन्यांची मुदत थंड हवामानात कदाचित पुरेल, परंतु एप्रिल-मेच्या उन्हात पाणी लवकर उडते आणि टायरमध्ये नुसत्या रबराच्या गोळ्या उरतात. चाक कानाजवळ धरून हलवावे. द्रव खळखळल्याचा आवाज आला नाही, तर सीलंट पुन्हा भरण्याची वेळ झाली आहे. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा भरल्यास चीक आतल्या आत साकळू शकतो, त्यामुळे शक्यतो पंपच वापरावा.

बसवताना सर्वाधिक काळजी टेपची घ्यावी, कारण हळूहळू हवा जाण्याचे मूळ बहुधा टेपमध्येच असते. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्यावी, रिम स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि टेप ताणून, आऱ्यांची छिद्रे पूर्ण झाकतील अशी चिकटवावी. व्हॉल्वसाठी टोच्याने लहान गोल भोक पाडावे. ब्लेडने फुली मारल्यास ती फाटत जाते. टायरची कड मधल्या खाचेत ढकलत नेली, तर दुसरी बाजू हातानेच चढते. आधी साबणाचे पाणी लावून सीलंटशिवाय हवा भरावी. दोन्ही कडा टकटक आवाज करून बसल्या की व्हॉल्वची आतली पिन काढून सीलंट ओतावे. टायर व रिमवरील कमाल दाबाचा आकडा कधीही ओलांडू नये. त्यानंतर चाक फिरवून प्रत्येक बाजूवर थोडा वेळ आडवे ठेवावे. सत्तर किलोच्या स्वाराने पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि रिम दगडाला लागू लागली, तर हवा थोडी वाढवावी.

मोठ्या छिद्रासाठी रबरी प्लगचा संच सोबत असावा आणि सुटी ट्यूबही असावी. ती ट्यूब घालण्याची वेळ आली, तर टायरच्या आतल्या बाजूने सावकाश, जाड कापड हाताला गुंडाळून बोटे फिरवावीत, कारण सीलंटने गुपचूप बुजवलेले अनेक काटे तिथे रुतून राहिलेले असतात आणि ते सर्व उपटल्याशिवाय नवी ट्यूब टिकत नाही.