पत्राने बुद्धिबळ : पहिलं कार्ड टाकण्याआधी

पट मांडण्याआधी गडी शोधा. उलटं करणारेच जास्त: वही आणली, खेळ्या लिहून टपालाने धाडायला पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि समोर कोणी नाही. तो किती तगडा खेळतो हे नंतर बघा. आलेल्या पत्राला उत्तर धाडतो का, हे आधी विचारा. लग्नपत्रिका मिळाल्याचं आवर्जून फोन करून कळवणारी माणसं असतात ना, तसला हवा.

कोल्हापुरात स्पर्धा असली की शेवटच्या फेरीनंतर थोडं रेंगाळा. हरलेला डाव परत मांडून "इथं हत्ती आणायला पाहिजे होता" म्हणत बसलेले दोघं-तिघं दिसतील. त्यांना घड्याळापेक्षा डाव प्यारा असतो. सांगली पन्नासेक किलोमीटरवर, आणि तिथला बुद्धिबळाचा नाद जुना. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलंच, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही तिथल्याच. ओळखीपाळखीतून एखादा गडी निघेल. फक्त आपल्याच पेठेतला घेऊ नका. तो मिसळ खाताखाता चाल सांगून मोकळा होतो.

गडी सापडला की त्याचं वर्षाचं वेळापत्रक विचारा. ऊसवाला असेल तर गळीत हंगामात त्याच्याकडून पत्राची आशा धरू नका. मास्तर असेल तर फेब्रुवारी-मार्च सोडा. आणि पुराचं कलम आधीच लिहून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. असले दिवस कोणाच्याच विचार करायच्या वेळेत धरू नयेत.

आता हिशेब. एक कार्ड पाच दिवसांत पोचतं असं धरलं, तर दोघांची एकेक खेळी व्हायला दहा दिवस, आणि चाळीस खेळ्यांचा डाव चारशे दिवस. पन्नास पैशांची ऐंशी कार्डं म्हणजे दोघांत मिळून चाळीस रुपये, स्वस्तच की. पण डाव वर्षभर रेंगाळतो, म्हणून दोन डाव एकदम लावा, एकात पांढरी तुमच्याकडे, एकात काळी. एकाच कार्डावर दोन खेळ्या जातात आणि रंगावरून वाद उरत नाही.

एवढी सबुरी नसेल तर लिचेस या इंटरनेटवरच्या बुद्धिबळाच्या साइटवर एका खेळीला एक ते चौदा दिवस ठेवता येतात. पण संगणकाचं मात्र तोंडी ठरवू नका, लिहून घ्या. लिचेसवर इंजिनाची, म्हणजे खेळी सुचवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमची, मदत चालत नाही, सुरुवातीच्या खेळ्यांची पुस्तकं चालतात. १९५१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघाच्या डावांत मात्र इंजिन उघडपणे चालतं. तुमचा गडी कुठल्या वळणाचा आहे हे पंधराव्या खेळीला कळलं, तर मैत्रीही जाते आणि डावही. माझं मत विचाराल तर इंजिन नको. चारशे दिवस दोन यंत्रांची टपालकी कोण करणार?

खेळी आकड्यांत लिहायची पद्धत दोघांनी एकदा घोकून घ्या. पटाच्या उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून १ ते ८, आडव्यांना त्याच्या बाजूने १ ते ८; घराचा पहिला आकडा उभ्या रांगेचा, दुसरा आडवीचा. आधी निघायचं घर, मग पोचायचं. राजाच्या पुढचं प्यादं दोन घरं म्हणजे ५२५४. मी एकदा ७१६३ लिहायच्या जागी ७१८३ लिहिलं आणि माझा घोडा पटाच्या कडेला जाऊन बसला. खेळी नियमात बसत होती, त्यामुळे मागे घेता आली नाही. तेव्हापासून कार्ड दुसऱ्याकडून वाचून घेतो. समोरच्याची शेवटची खेळी, कार्ड मिळाल्याची तारीख, टाकल्याची तारीख आणि आपण विचारात वापरलेले एकूण दिवस, हे प्रत्येक कार्डावर असलंच पाहिजे. उत्तर एकच संभवत असेल तर "तू हे केलंस तर मी ते" असंही लिहून टाका, दहा दिवस वाचतात.

कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचणारच. आमचे तर चाल सुचवायचेही.

उरलं किरकोळ. किती दिवस उत्तर नाही आलं तर आठवण करायची आणि किती दिवसांनी डाव सोडला असं धरायचं, ते आकडे ठरवा. दोन डावांसाठी दोन पट लागतील. ते कपाटावर ठेवा, आणि दिवाळीची झाडलोट सुरू व्हायच्या आत दोन्हींचा फोटो काढून ठेवा.