म्हाताऱ्या कुत्र्याची शू अचानक सुटायला लागली? या चुका टाळा

जानेवारीतल्या एका पहाटे आमच्या चिंगीची गोधडी ओलीचिंब निघाली. चिंगी देशी, 12 वर्षांची, वजन 18 किलो. कोथरूडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पिल्लूपण संपल्यापासून तिने एकदाही शू केली नव्हती. पाऊस कोसळत असला तर दोन-दोन तास दाराशी बसून राहायची, पण खाली उतरल्याशिवाय मोकळी व्हायची नाही. त्या पहाटे मी तिच्यावर ओरडले. ती बाल्कनीच्या दाराआड जाऊन बसली, ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

झोपेत शू सुटलेल्या कुत्र्याला ती सुटल्याचं कळतही नाही. आपण ओरडलो की त्याला एवढंच समजतं, की घरातलं माणूस चिडलंय. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली लपून शू करायला लागतं, आणि कधी झाली, किती झाली, कशी दिसत होती, हे आपल्याला कळेनासं होतं. डॉक्टरांना नेमकं हेच सांगायचं असतं.

“वय झालंय आता तिचं”

आई हेच म्हणाली, शेजारच्या काकूही हेच म्हणाल्या, आणि मला ते पटलं. वय हा आजार नाही. वयामुळे आजार होण्याची शक्यता वाढते, आणि त्यातले कितीतरी आजार औषधाने आटोक्यात येतात. “वय झालंय” म्हणून आम्ही दोन आठवडे घालवले, आणि तेवढ्यात मी सगळ्यात मोठी चूक केली.

पाण्याचं भांडं उचलून ठेवणं

रात्री पाणीच दिलं नाही तर पहाटे शू होणार नाही, असा माझा हिशोब. संध्याकाळी सात वाजता भांडं उचलायचे. चिंगी रात्री बाथरूममध्ये जाऊन बादलीखालची ओली फरशी चाटायला लागली, तेव्हा काहीतरी चुकतंय हे लक्षात आलं.

कुत्रं जास्त पाणी पितं म्हणून जास्त शू होते, हा उलटा विचार आहे. बऱ्याचदा मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, शरीरातलं पाणी वाहून जातं, आणि ते भरून काढायला कुत्रं पितं. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) या तिन्हींत असं होतं. अशा कुत्र्याचं पाणी तोडलं तर मूत्रपिंडावर आणखी ताण येतो. पाणी कधीही तोडू नका. झोपण्याआधी एक फेरी वाढवा.

ती किती पाणी पिते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. भांडं दिसेल तेव्हा जो तो भरायचा. म्हणून मोजा. सकाळी मापून पाणी ओता, भरणारं माणूस एकच ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मापा. दिवसाला किलोमागे 50-60 मिली हे साधारण प्रमाण. 100 मिलीच्या वर गेलं तर तपासणी हवीच. 18 किलोच्या चिंगीसाठी ती रेषा 1.8 लिटरवर येत होती. तिचं पिणं सव्वादोन लिटर भरलं. ताकभातातलं पाणी वेगळंच.

कशी सुटते, ते न पाहणं

झोपेत थारोळं होतं आणि जागेपणी सगळं नीट असतं, तर बहुधा मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल पडलेला असतो. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे जास्त दिसतं, आणि गोळीने बहुतेकींना चांगला फरक पडतो. पुन्हा पुन्हा बसते, थेंबथेंब येते, लालसर दिसते, तर संसर्ग किंवा खडा. रात्री घरभर फिरते, कोपऱ्याकडे बघत उभी राहते, दाराच्या बिजागरीच्या बाजूला अडकते आणि तिथेच करते, तर मेंदूचं वार्धक्य असू शकतं. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की, किंवा दिवाळीच्या फटाक्यांत भीतीनेही सुटते; पण ती त्याच वेळेपुरती. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात कुत्रं तसं वागून दाखवत नाही.

काही लक्षणांना मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. नर कुत्रा जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, तर मार्ग अडलेला असू शकतो, आणि त्यात जीव जातो. मागचे पाय ओढतोय आणि शू गळतेय, तर मणक्याचं दुखणं असू शकतं. तिथे मूत्राशय काठोकाठ भरून वरचं वरचं सांडत असतं, म्हणून “होतेय की शू” असं समजून थांबू नका. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पितेय, मलूल आहे, मागून ओलं दिसतंय, तर तो गर्भाशयातला पू असू शकतो. लोक त्यालाच शू समजून पुसत बसतात.

घरातली उरलेली गोळी

आधीच्या दुखण्यातलं अँटिबायोटिक शिल्लक होतं. तेही मी दोन दिवस दिलं. त्यामुळे लघवीच्या कल्चरसाठी, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, थांबावं लागलं. औषधाआधी नमुना, हा क्रम मोडू नका. सकाळची पहिली लघवी उकळत्या पाण्याने धुतलेल्या पळीत धरा, स्वच्छ बाटलीत घ्या, लगेच निघता आलं नाही तर फ्रीजमध्ये ठेवा. कल्चरसाठी डॉक्टर बहुधा सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात. बघवत नाही, पण काम क्षणात होतं. माणसांची ब्रुफेन, डायक्लोफिनॅक अजिबात देऊ नका, त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पावसाळ्यात खाजेसाठी स्टिरॉइड सुरू असेल तर ते आवर्जून सांगा. त्याने तहान आणि शू दोन्ही वाढतात, पण ते मनाने एकदम बंदही करू नका.

“क्रिएटिनिन नॉर्मल आलं” एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा कचरा. मूत्रपिंडाची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद गेल्यावर ते वाढतं. लघवीची घनता त्याआधी खाली येते. चिंगीचं क्रिएटिनिन जेमतेम वर होतं, घनता मात्र 1.010, म्हणजे लघवी पातळच. मूत्रपिंडं थकली होती, आणि जोडीला संसर्गही होता.

फिनेल आणि डायपर

फरशीवर रोज फिनेल ओतलं तर त्यावर झोपणाऱ्या कुत्र्याची कातडी जळजळते, आणि अमोनियाच्या क्लीनरचा वास तर लघवीसारखाच, त्यामुळे कुत्रं तिथेच परत करतं. एन्झाइमचं क्लीनर घ्या. डायपर रात्रीपुरतं ठीक आहे. ओलं राहिलं की कातडी सोलवटते आणि संसर्ग वर चढतो. पोटाखालचे केस कापा, कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून कित्येक म्हातारी कुत्री उठायचंच टाळतात, आणि बसल्या जागी होते. दारापर्यंत सतरंजी टाका, खाली रबरी जाळी.

आता चिंगीच्या पाच फेऱ्या होतात, शेवटची रात्री साडेअकराला. लिफ्टमध्ये कधी थेंब सांडतात, म्हणून पिशवीत फडकं आणि पाण्याची बाटली असते. गोधडीखाली बाळांचं रबरी कापड घातलंय. भांडं तीन ठिकाणी आहे, तिन्ही भरलेली.