ला रोशफुकोंच्या किल्ल्यांना जायच्या आधी काय काय तयारी करावी

फ्रान्समध्ये किल्ले बघायचे म्हटलं की सगळे लुआर नदीकाठी पळतात, दोन दिवसांत सहा शातो (म्हणजे किल्लेवजा वाडे), प्रत्येकाला पाऊण तास, आणि घरी आल्यावर फोटोतला कुठला कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. आम्हीही एकदा तेच केलं होतं. म्हणून या वेळी एकच जुनं सरदार घराणं धरलं, ला रोशफुको, आणि त्यांच्याच जागा बघत फिरलो. कुणाला तसं जायचं असेल तर तयारी काय लागते ते लिहून ठेवतेय, यादी करायला बसले होते पण मला मुद्दे पाडून लिहिता येत नाही, चालवून घ्या.

बॅग काढायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर वंशावळ लिहा. खरंच. कारण या घरात जो तो फ्रांस्वा. १४९४ मध्ये यांच्यातला एक फ्रांस्वा पुढे राजा झालेल्या पहिल्या फ्रांस्वाचा गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा मानलेला बाप, झाला आणि तेव्हापासून थोरल्या मुलाला तेच नाव ठेवायचा प्रघात पडला, मग नंबर लावून ओळखायचं. तिसरा फ्रांस्वा १५७२ मध्ये पॅरिसला प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, सेंट बार्थोलोम्यूची म्हणतात ती, तिच्यात मारला गेला, प्रोटेस्टंट होता. सहावा तो लेखक, १६६५ च्या ‘मॅक्झिम्स’ या सुभाषितांच्या पुस्तकाचा, माणूस जे काही चांगलं करतो त्यामागे स्वार्थच असतो असं दोन-दोन ओळीत सांगणारा. सातव्याने १६५९ मध्ये लग्न केलं आणि त्या लग्नातून ला रोश-गीयों आणि लियांकूर या जागा घरात आल्या. एवढे तीन नंबर पाठ असले तरी काम भागतं. याच घराण्यातल्या लियांकूरच्या ड्यूकचा किस्साही माहीत असू द्या, १७८९ मध्ये पॅरिसचा बास्तीय तुरुंग लोकांच्या हाती पडल्यावर राजा सोळाव्या लुईने विचारलं की हे बंड आहे का, तर हा म्हणाला, नाही महाराज, क्रांती आहे. असं म्हणतात बुवा. लियांकूरचा वाडा मात्र आता फारसा उरलेला नाही, तो यादीतून काढा.

आता रूट. दक्षिणेकडच्या दोन जागांसाठी आंगुलेमला मुक्काम करा, पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने साधारण दोन तास. तिथून ला रोशफुको गाव वीस-बावीस किलोमीटर, दुसरा किल्ला असलेलं वेर्तय त्याच्या दुप्पट लांब आणि वेगळ्या दिशेला, त्यामुळे भाड्याची गाडी लागतेच. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून आधी काढून आणा, वर्षभर चालतं. आणि गाडी बुक करताना ऑटोमॅटिक मागा, आधीच मागा, कारण तिकडे सर्रास गिअरवाली मिळते आणि उजव्या हाताने गिअर टाकत उजव्या बाजूने गाडी चालवायची म्हणजे पहिला तासभर नवरा-बायकोत बोलणंच बंद होतं.

किल्ला उघडा आहे का हे त्या किल्ल्याच्याच साइटवर बघा, गूगलवर विसंबू नका. या लोकांच्या राहत्या जागा आहेत, हिवाळ्यात बंद, आठवड्यात एखादा दिवस सुट्टी, कधी आत लग्न असतं म्हणून बंद. आम्ही एका शातोच्या गेटवर मंगळवारी पोचलो, आतून कुत्रं भुंकलं, बास, परत. (कुठला ते सांगत नाही, चूक आमचीच.) जमलं तर सप्टेंबरचा तिसरा वीकेंड साधा, त्या दोन दिवसांत वारसा दिवस पाळतात (ही प्रथा १९८४ पासूनची) आणि एरवी न उघडणारी खाजगी दारंही उघडतात, फक्त गर्दीची तयारी ठेवा.

ला रोशफुकोला पायांची तयारी पाहिजे. रोश म्हणजे खडक, त्या खडकावर फुको नावाच्या माणसाने हजारेक वर्षांपूर्वी गढी बांधली आणि खडकाचं नाव घराण्याला चिकटलं. खाली तार्दुआर नदी, उन्हाळ्यात गेलात तर नदी कुठाय असं विचाराल, पाणी चुनखडीत जिरून जमिनीखालून जातं, पात्रात नुसते गोटे. पण जायचं ते जिन्यासाठी. १५२० च्या सुमाराचा गोल जिना, आन द पोलिन्याक या घराण्याच्या सुनेच्या काळातला, पांढऱ्या दगडाचा, मधला खांब वळत वळत वर जातो आणि शेवटी माडाच्या झावळ्या फुटाव्यात तसा छताला फाकतो. आई गुडघे दुखतात म्हणत खाली बसणार होती, ती भिंतीला हात लावत पायऱ्या मोजत चढली आणि वर येऊन म्हणाली, एकशे आठ, माळ झाली की गं. बरोबर १०८ च आहेत. लिओनार्दो दा विंचीने याचा नकाशा दिला अशी एक दंतकथा तिकडे सांगतात, ती ऐका आणि सोडून द्या. बाहेरून जुना बुरूज बघताना एका बाजूला खिंडार दिसेल, ते युद्धातलं नाही, १९६० मध्ये बुरुजाचा भाग आपसूक ढासळला. एवढा दगड सांभाळायचा म्हणजे किती पैसा लागत असेल याचा अंदाज तिथेच येतो. दारावर किंवा कोरीव कामात बाई दिसली, कमरेखाली शेपूट असलेली, तर ती मेल्युझीन, दंतकथेतली परी, घराणं स्वतःला तिचं वंशज मानतं, आणि ब्रीदवाक्य आहे ‘ही माझी मर्जी’. आवडलं मला ते, उगाच देव-धर्म-देश काही नाही.

वेर्तयला जायच्या आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर युनिकॉर्नच्या, म्हणजे एकशिंगी घोड्याच्या, शिकारीचे विणलेले जुने पडदे बघून घ्या, हे मस्ट आहे, कारण ते पडदे तिथे नाहीतच. १६८० मध्ये सहाव्या फ्रांस्वाच्या मृत्यूनंतर केलेल्या यादीत त्यांची नोंद सापडते, नंतर ते वेर्तयला होते, क्रांतीत लुटले गेले, शेतकऱ्यांनी थंडीत बटाटे झाकायला वापरले, एकोणिसाव्या शतकात घराण्याने शोधून परत आणले आणि १९२२ मध्ये अमेरिकन धनाढ्य रॉकफेलरला विकले. आता न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहेत. आधी फोटो बघितले असतील तरच नदीकाठी उभं राहून त्या टोकदार बुरुजांकडे बघताना काहीतरी वाटतं, नाहीतर छान आहे, चला, एवढंच. हेच सगळीकडे होतं, घरं इथे आणि आतलं सामान जगभर, म्हणून म्हटलं अभ्यास आधी.

ला रोश-गीयों वेगळ्या दिवशी, पॅरिसकडूनच, चित्रकार मोनेच्या जिव्हर्नी गावाच्या जवळ आहे, एका दिवसात दोन्ही होतं. इथे टॉर्च आणि स्वेटर, उन्हाळ्यातसुद्धा. खाली सेन नदीकाठी वाडा, वर कड्यावर बाराव्या शतकातला बुरूज, आणि मध्ये खडू-दगडात खोदलेला अंधारा जिना, अडीचशेच्या आसपास पायऱ्या, भिंतीला हात लावला की पांढरा होतो. काळे कपडे नकोत. कड्यातच कोरलेला कबुतरखाना आहे, तो चुकवू नका. अठराव्या शतकात घराण्यातल्या आंव्हिलच्या डचेसच्या बैठकीत इथे तुर्गो, कोंदोर्से वगैरे विचारवंत बसायचे आणि १९४४ मध्ये याच दिवाणखान्यांत जर्मन सेनापती रोमेलचं मुख्यालय. ४ जूनला तो इथून जर्मनीला घरी गेला, ६ तारखेला बायकोचा वाढदिवस होता, आणि नेमकी त्याच दिवशी नॉर्मंडीत दोस्तराष्ट्रांची फौज उतरली. खोल्या रिकाम्या वाटतील, १९८७ मध्ये लायब्ररी आणि सामानाचा लिलाव झाला. बायबलमधल्या एस्तेर राणीच्या गोष्टीचे विणलेले पडदे तेवढे नंतर परत आले.

जेवणाचं मात्र लिहून घ्या: बारा ते दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी गेलात तर किचन बंद, आणि रविवारी दुपारी खेड्यात पावाचं दुकानही मिटलेलं. आम्ही धपाटे आणि लोणचं डब्यात ठेवलं होतं म्हणून वाचलो.

आणि बॅगेत थोडी जागा मोकळी सोडा. ला रोशफुकोच्या भागात घरात घालायच्या चौकड्याच्या लोकरी चपला मिळतात, शारांतेझ म्हणतात, मऊ, फेल्टच्या. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांचे नंबर युरोपियन मापात लिहून घ्या. आम्ही बाबांचा विसरलो, अंदाजे घेतल्या, आता त्या आईच घालते, दोन जोडी मोजे चढवून.